दुसऱ्याच्या कानाने

श्रोतेहो, आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुणी पाहुणा आला म्हणजे आपण त्याच्यापुढे कुंथलगिरीचा पेढा ठेवतो. पाहुणा म्हणतो, "मला गोड फारसे चालत नाही." आपण त्याचे ऐकत नाही. "अहो, खाऊन तर बघा!" म्हणून बशी पुढे सरकवतो, आणि पाहुणाही भिडेखातर का होईना एक तुकडा तोंडात टाकतो. पुष्कळदा दुसरा तुकडा तो आपण होऊन उचलतो. पण याच पाहुण्याला आपण म्हटले, "हे गाणे ऐकून तर बघा," की तो जरा सावरून बसतो. घड्याळाकडे पाहतो. "आम्हाला त्यातले काही कळत नाही," असे म्हणतो. जिभेच्या बाबतीत जो माणूस मोकळा असतो तोच कानाच्या बाबतीत असा सोवळा का होतो, हा मला बरीच वर्षे पडलेला प्रश्न आहे. आज त्यासंबंधी मी आपल्याशी चार शब्द बोलणार आहे. मी गवई नाही, संगीताचा शास्त्री नाही. महाविद्यालयात मराठी शिकवणारा एक साधा प्राध्यापक आहे. माझ्या कानावर जे काही संस्कार झाले ते बहुतेक दुसऱ्यांनी केले, आणि त्यातला एक संस्कार मी माझ्या हाताने घालवला. ती हकिगतही सांगणार आहे.

माझ्या लहानपणी आमच्या घरात गाणे म्हणजे वडिलांचे एकादशीचे भजन आणि रेडिओवरची चित्रपटगीते. पुढे कॅसेटचे दिवस आले. गावात एक दुकान होते. आपण आवडीच्या गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट विकत घ्यायची, आणि दुकानदार आठ दिवसांनी ती भरून देई. माझी यादी दरवेळी तीच. त्यातली दोन-तीन गाणी बदलत, पण गायक तेच, संगीतकार तेच, चालीही एकमेकींच्या चुलत बहिणी शोभतील अशाच. मला वाटे, आपल्याला गाण्याची फार आवड आहे. वास्तविक मला आवड होती ती माझ्याच यादीची.

आमच्या गल्लीत एक शिवणकाम करणारे चाचा होते. आपला हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे उर्दू शेरोशायरी इथल्या जुन्या माणसांच्या कानांत मुरलेली. ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्याचा उरूस भरला की चाचा मशीन बंद ठेवून रात्र रात्र कव्वाली ऐकत. मी अकरावीत असताना त्यांनी मला एक कॅसेट दिली. बेगम अख्तर यांच्या गझलांची. बेगम अख्तर १९७४ साली गेल्या, म्हणजे माझ्या जन्माआधीच. मी ती कॅसेट दोन दिवसांत परत केली. म्हणालो, "चाचा, आवाज मध्येच फाटतो त्यांचा." चाचांनी दातांतली सुई काढली आणि म्हणाले, "बेटा, जिथं फाटतो ना, तिथंच ऐकायचं असतं. घेऊन जा परत. आठ दिवस आणू नकोस."

मी संकोचाने ती परत घेऊन गेलो. चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री, अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकताना, सूर वर चढत असताना आवाजाला पडणारी ती बारीकशी भेग मला प्रथम ऐकू आली. आवाज मध्येच तुटल्यासारखा होतो, आणि त्या तुटण्यात शब्दांत न मावणारे काहीतरी येऊन बसते. तोवर मला निर्मळ, गुळगुळीत आवाज म्हणजेच चांगला आवाज असे वाटत होते. चाचांनी मला दोन गोष्टी दिल्या : एक कॅसेट, आणि दुसरी म्हणजे ती कुठे ऐकायची याची खूण. दुसऱ्या गोष्टीवाचून पहिली व्यर्थ होती.

श्रोतेहो, एकाचे गाणे दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचवण्याचे सगळ्यांत मोठे साधन म्हणजे ध्वनिमुद्रण. आपल्याकडे त्याचा व्यवस्थित आरंभ १९०२ साली कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग हे तिथे आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले. त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. जो राग मैफलीत तासभर चालायचा तो तीन मिनिटांत मांडायचा! पण या तीन मिनिटांनी मोठी क्रांती केली. तोवर चांगले गाणे ऐकायचे तर राजाचा दरबार, श्रीमंताचा दिवाणखाना किंवा देवाचा उत्सव यांपैकी कुठे तरी शिरकाव असावा लागे. तबकडी मात्र बाजारपेठेतल्या दुकानात वाजू लागली, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला कुणी जातपात, ऐपत विचारीना.

याचे एक उदाहरण तर प्रसिद्धच आहे. मिरजेला स्थायिक झालेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर निघाली होती. गदगच्या एका शाळकरी मुलाने ती ऐकली, आणि असे गाणे आपल्याला आलेच पाहिजे या ध्यासाने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. पुष्कळ भटकंती करून अखेर तो अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी पोचला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. तीन मिनिटांच्या एका तबकडीने केवढे मोठे काम केले पाहा!

दुसरे उदाहरण पृथ्वीच्या बाहेरचे आहे. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अंतराळात सोडली. कधी काळी दुसऱ्या कुठल्या तारामंडळातल्या कुणाच्या हाती ती लागली तर पृथ्वीवरच्या माणसाची ओळख पटावी, म्हणून कार्ल सेगन यांच्या मंडळाने सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी दोन्ही यानांवर बसवली. साऱ्या जगाच्या संगीतातून निवडायच्या होत्या सत्तावीस रचना. भारतातले काय घ्यावे? सेगन काही आपल्या संगीताचे जाणकार नव्हते. त्यांनी जाणकाराला विचारले. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकांनी केसरबाई केरकरांच्या भैरवीचे नाव सुचवले. आता ती तबकडी मिळेना. शोधता शोधता ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीयाच्या दुकानात सापडली. गोव्यातल्या केरी गावात १८९२ साली जन्मलेल्या केसरबाईंचा आवाज असा अंतराळात गेला. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंनी जगाचा निरोप घेतला. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावाचे क्षेत्र ओलांडून पलीकडे गेले. या साऱ्याच्या मुळाशी काय होते? एका माणसाने दुसऱ्याला सांगितले, "हे ऐका." आणि दुसऱ्याने विश्वास ठेवला.

आता सांगण्याचेही दोन प्रकार असतात. या केंद्रावरून बोलताना आकाशवाणीचीच गोष्ट सांगतो, रागावू नये. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना मनापासून कळकळ होती. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला, आणि ज्या गावात कधी मैफल होणे शक्य नव्हते तिथे थोर गायक-वादक घरोघर ऐकू येऊ लागले. हे ऋण मोठे आहे. पण त्याबरोबरच चित्रपटगीतांना दार जवळजवळ बंद करण्यात आले. लोकांना चांगले ऐकवायचे म्हणून त्यांच्या आवडीचे काढून घेतले. परिणाम काय झाला? लोकांनी रेडिओची सुई फिरवून सिलोन केंद्र लावले! अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' त्याच वर्षी सुरू झाली आणि घरोघर पोचली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली आणि चित्रपटगीते मानाने परत आली. तात्पर्य, अभिरुची हुकमाने वाढत नाही. चाचांनी मला "चित्रपटगीते सोड" असे म्हटले असते, तर मी त्यांच्या दारावरून जाणेच सोडले असते. त्यांनी माझे काही काढून घेतले नाही, वर आणखी एक दिले.

आता माझ्या अपराधाची हकिगत.

आमच्या अभ्यासक्रमात लोकसाहित्याचा एक पेपर असतो. मी तो पुष्कळ वर्षे शिकवतो. तुळजाभवानीचा हा जिल्हा, तेव्हा गोंधळ हा विषय ओघाने येतोच. फळ्यावर मी 'गोंधळाची अंगे' असे लिहीत असे : देवतांना आवाहन, आख्यान, आरती. संबळ म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन छोटे नगारे, काठ्यांनी वाजवायचे. तुणतुणे एकतारी. मुख्य गोंधळी आख्यान लावतो, साथीदार त्याला उलटसुलट प्रश्न विचारून हसवतो. हे सगळे मुलांना मी सांगे, मुले लिहून घेत, परीक्षेत गुणही मिळत. पण श्रोतेहो, खरे सांगतो, एक गोंधळ उभ्या रात्रीचा, आवाहनापासून आरतीपर्यंत, मी कधी बसून ऐकला नव्हता. लग्नाघरी गोंधळ असला की जेवून नऊ वाजता घरी यायचे आणि आपले शास्त्रीय संगीत लावायचे, अशी माझी रीत. तोवर मी ख्याल ऐकू लागलो होतो ना! जिना चढून वर आलेल्या माणसाला खालची खोली लहान दिसू लागते, तसे काहीसे झाले होते.

२००८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीआधी एक विद्यार्थी माझ्याकडे आला. गोंधळी घरातला, तुळजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. वर्गात कधी न बोलणारा. त्याने एका कागदात गुंडाळलेली नव्वद मिनिटांची कॅसेट टेबलावर ठेवली. म्हणाला, "सर, आजोबांचा गोंधळ भरलाय. तुम्ही शिकवता ते मी घरी सांगितलं, तर ते म्हणाले, सरांना दे. वेळ काढून ऐका, सर." मी म्हणालो, "वा, छान. जरूर ऐकतो." आणि कॅसेट खणात टाकली. घरचा टेपरेकॉर्डर बिघडला होता, हे एक निमित्त. पेपर तपासायचे होते, हे दुसरे. पण खरे कारण हे, की त्या कॅसेटमधून मला काही मिळेल असे वाटलेच नाही. गोंधळ मी शिकवत होतो. शिकवणाऱ्याने आणखी काय ऐकायचे?

दोन वर्षांनी तो मुलगा तुळजापूरच्या बसस्थानकावर भेटला. नोकरी लागली होती, पाया पडला. मग विचारले, "सर, कॅसेट ऐकली?"

मी म्हणालो, "हो हो, ऐकली. फारच छान!"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मग आला का नाहीत सर? दुसऱ्या बाजूच्या शेवटाला आजोबांनी तुम्हाला बोलावलं होतं. लई वाट बघितली त्यांनी. गेल्या उन्हाळ्यात गेले ते."

त्या दिवशी मी घरी कसा आलो ते माझे मला माहीत. शेजाऱ्याकडून टेपरेकॉर्डर मागून आणला आणि ती कॅसेट लावली. आधी सारे देव एकेक करून गोंधळाला बोलावले. गावोगावचे देव, देवी, पीर, कुणाला वगळले नाही. संबळ आधी हळू, मग हळूहळू अशी काही पेटत गेली की बैठक ठेवून ऐकणे अवघड व्हावे. आख्यानात म्हातारबुवा गाता गाता मध्येच बोलत, बोलता बोलता पुन्हा सुरात जात. त्या दोहोंमधला सांधा कुठे आहे ते सापडेना. गाणे आणि बोलणे यांच्या मधली ही जी जागा, तिच्याविषयी मी फळ्यावर एक अक्षर कधी लिहिले नव्हते, कारण पुस्तकांतून ती मला कधी ऐकूच आली नव्हती. दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी संबळ थांबली आणि साधा, धाप लागलेला आवाज आला : "गुरुजी, रातभराचं हाय हे, एवढ्याशा पट्टीत मावत नाही. नवरात्रात या एकदा अंगणात." त्यानंतर थोडी खरखर, आणि कॅसेट संपली.

श्रोतेहो, देवांना आवाहन करणाऱ्या माणसाने मलाही आवाहन केले होते. देव आले असतील. मी गेलो नाही.

पुढे मला कुमार गंधर्वांचे चरित्र वाचताना स्वतःची लाज वाटली. केवढा विद्वान गवई! लहानपणी थोरामोठ्यांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन लोकांना थक्क करणारा, मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकलेला. क्षयाने आजारी होऊन १९४८ साली देवासला गेले, गाणे बंद. तिथे त्यांच्या कानावर माळव्यातल्या साध्या माणसांची लोकगीते पडत. ती त्यांनी ऐकली, जमवली, आणि लोकधुनांमधून नवे राग शोधून काढले. ज्याच्या कानाला सगळे ऐकू येत होते त्याने अंगणातले गाणे ऐकले. ज्याला थोडेसेच येत होते त्याने खणात टाकले.

त्या दिवसापासून मी काही नियम पाळतो. ते आपल्यापुढे ठेवतो, पटले तर घ्यावेत.

पहिला नियम विचारण्याचा. कुणालाही "चांगले संगीत कोणते?" असे विचारू नये. माणूस लगेच प्रतिष्ठित नावे सांगू लागतो. त्याऐवजी विचारावे, "तुम्ही स्वतः पुन्हा पुन्हा काय ऐकता?" मग खरे उत्तर येते. आणि एकच मागावे. वीस नावांची यादी हातात आली की ती पाकिटात राहते. एक नाव मिळाले तर ते ऐकले जाते.

दुसरा नियम खूण मागण्याचा. ख्याल मला आधी कंटाळवाणा वाटे. आमच्या महाविद्यालयातले गणिताचे एक सहकारी म्हणाले, "विलंबितावर एकदम जाऊ नका. आधी उंबरा ओलांडा." त्यांनी मला 'कॉल ऑफ द व्हॅली' हा अल्बम ऐकायला दिला. १९६७ सालचे ते मुद्रण : शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत रागांतून उलगडत नेला आहे. गोष्ट हाती असल्यामुळे राग परके वाटत नाहीत. ते अंगवळणी पडल्यावर त्यांनी मला विलंबित एकताल मोजायला शिकवले. बारा मात्रांचे आवर्तन. गायक कुठेही भटको, समेवर कसा येतो तेवढेच पाहायचे. गणिताच्या माणसाने गणिताची खूण दिली, आणि तासाभराचे गाणे मला वाट पाहण्यासारखे वाटू लागले.

तिसरा नियम, तीनदा ऐकल्याशिवाय मत देऊ नये. पहिल्या वेळी आपण आपल्या जुन्या आवडीशी तुलना करीत असतो. दुसऱ्या वेळी ती तुलना ओसरते. तिसऱ्या वेळी खरोखर समोरचे ऐकू येते. आणि तीनदा ऐकूनही आवडले नाही, तर तसे सरळ सांगावे, कारणही सांगावे. त्यात सांगणाऱ्याचा अपमान नाही. अपमान आहे तो न ऐकता "छान" म्हणण्यात. हे मी अनुभवाने सांगतो.

कुणी म्हणेल, आता या साऱ्याची गरज काय? मोबाइलमध्ये जगातले संगीत आहे, आणि पुढे काय ऐकावे हेही तो मोबाइलच सुचवतो. खरे आहे, मीही त्याचा उपयोग करतो. पण तो सुचवतो कसा? आपण काय ऐकले, आणि तेच ऐकणाऱ्या इतरांनी पुढे काय ऐकले, याचा हिशेब करून. म्हणजे बव्हंशी माझी ती कॅसेटची जुनी यादीच, जरा लांबवलेली. शिवाय एक मोठा फरक आहे. यंत्राने सुचवलेले आपण ऐकले नाही, तर यंत्राला काही वाटत नाही. ते बसस्थानकावर गाठून "ऐकली का सर?" असे विचारीत नाही. जेव्हा एखादा माणूस आपल्या आवडीचे गाणे आपल्या हाती देतो, तेव्हा त्या गाण्याबरोबर तो आपले घर, आपली माणसे, आपली रात्र आपल्या हाती देत असतो. ते घेणे म्हणजे नुसती करमणूक नव्हे, एक जबाबदारी आहे.

गेली काही वर्षे आम्ही चार-पाच जण महिन्यातून एकदा एकमेकांकडे जमतो. नाव नाही, वर्गणी नाही, चहा ज्याचा त्याने करावा. प्रत्येकाने एक मुद्रण आणायचे, ते का आवडते हे दोन वाक्यांत सांगायचे आणि गप्प बसायचे. एकदा एकाने आराधी बायकांची गाणी आणली, एकदा एका तरुणाने परदेशी जॅझ आणले. मला सगळे आवडले असे नाही. पण ज्याने आणले त्याला मी पूर्वीपेक्षा जरा जास्त ओळखू लागलो.

आणि दर नवरात्रात मी त्या खेड्यात जातो. आता तो मुलगा सुट्टी काढून येतो आणि संबळ वाजवतो. मी अंगणात, बायकापोरांत, पोत्यावर बसतो. पहाटेची आरती झाल्याशिवाय उठत नाही. आजोबांचा आवाज त्यात नसतो, ती उणीव भरून निघायची नाही.

श्रोतेहो, आज घरी कुणाची तरी दिलेली, न ऐकलेली एखादी कॅसेट, एखादी तबकडी, कुणी मोबाइलवर पाठवलेले एखादे गाणे पडले असेल. देणारा माणूस अजून असेल. आज रात्री ते ऐका, आणि उद्या त्याला जाऊन सांगा.